सिस्टरांचे तीन किल्ले

उदगीरच्या किल्ल्यात शिरल्या शिरल्या सिस्टरांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "इथं बाळंतिणीची खोली कुठली?"

पहारेकरी वयस्कर होता. तोफ कुठली, दरबार कुठला, भुयार कुठून कुठं निघतं, हे सगळं त्याला पाठ होतं. हा प्रश्न मात्र त्याला आजवर कुणी विचारला नसावा. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि माहीत न्हाई म्हणाला. मग सिस्टरांनी दुसरा प्रश्न काढला. इतकी माणसं आत राहत होती, तर त्यांचे संडास कुठं होते. त्याचंही उत्तर मिळालं नाही. तेव्हा छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ वर करून त्यांनी वेळ पाहिली आणि आपणच शोधू म्हणत त्या पुढं निघाल्या. मी आणि विमल मागून. तासाभरानं भिंतीतलं एक चौकोनी भोक त्यांनी पसंत केलं आणि समाधानानं बाहेर आल्या. तोफ राहिलीच.

विमल आणि मी लातूरला त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. विमल तहसीलमध्ये टायपिस्ट होती, मी कलेक्टर कचेरीत कारकून. आमच्याकडच्या छापील फॉर्मांवर अजून उस्मानाबाद असायचं. ते खोडून वर लातूर लिहिणं, हेही माझ्या कामातलं एक काम होतं. नव्या कचेऱ्यांबरोबर गावात इतकी माणसं आली होती की खोली मिळणं मुश्कील, आणि एकट्या मुलींना तर कुणी दारात उभं करत नव्हतं. सिस्टरांनी केलं. त्यांनी आमची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. जीभ दाखवायला सांगितली. मग विमलची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय. राहा."

नांदेडच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. नवरा रेल्वेत होता, तो गेला तेव्हा त्यानं लातूरला बांधायला काढलेलं घर अर्धं झालं होतं. ते त्यांनी पुरं केलं आणि रिटायर होऊन तिथं राहायला आल्या. मूलबाळ नव्हतं. गल्लीतले सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, नवऱ्याकडचे नातेवाईकही.

नोकरी सुटली होती, ड्यूटी सुटली नव्हती. दुधाच्या पातेल्यावर त्या खडूनं लिहीत : उकळले, ७.१०. पाण्याच्या तीन टाक्यांवर लाल रंगात पिण्याचे, वापरायचे आणि झाडाचे असं लिहिलेलं होतं. दुष्काळाचं साल होतं, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. आमच्या आंघोळीचं पाणी मोरीतून बादलीत आणि बादलीतून तिसऱ्या टाकीत गेलं पाहिजे, यावर त्यांचं लक्ष असे. स्वयंपाकघराच्या भिंतीला तापाचा तक्ता टांगला होता, दवाखान्यात खाटेच्या पायाशी असतो तसला. त्यावर आम्हा दोघींची नावं आणि पुढं रोजचा शेरा. बरी. बरी. कुरकुर. बरी. कुणाशीही बोलता बोलता त्या मनगट धरत आणि नजर घड्याळाकडे नेत. भाजीवालीलाही हे ठाऊक होतं. ती एका हातानं वांगी मोजून दुसरा हात आधीच पुढं करायची.

मी मुरुडची. घरची शेती, आम्ही पाटलांच्या भावकीतले. सिस्टरांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, ती मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. मला राहायला काही वाटलं नाही. घरी सांगायचा मात्र धीर झाला नाही. म्हणून पत्ता मी कचेरीचा दिला आणि एका रिटायर झालेल्या बाईंकडे राहते, एवढंच लिहिलं. बाई कोण हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वडील लातूरला आले की कचेरीतच भेटायचे, कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचे आणि मुरुडच्या गाडीला बसायचे. अशी दीड वर्षं गेली.

त्या उन्हाळ्यात शुक्रवारी कसलीशी सुट्टी आली, शनिवार दुसरा, आणि जोडून रविवार. सिस्टरांनी जाहीर केलं की आपण किल्ले बघायला जायचं. उदगीर, कंधार, मग नांदेडला मुक्काम करून माहूर. एवढ्या उन्हात कशाला, असं विमल म्हणाली. सिस्टर म्हणाल्या की हिवाळ्यात तर सगळेच जातात.

जीप गफूरभाईची होती. त्याच्या बायकोचं माहेर नांदेडचं, चारही लेकरांची बाळंतपणं सिस्टरांच्या हातची, त्यामुळे तो त्यांना आपा म्हणायचा आणि त्यांच्या शब्दाबाहेर नसायचा. सामानात स्टोव्ह, उकळलेल्या पाण्याचे दोन मोठे डबे आणि औषधांची एक पत्र्याची पेटी निघाली. सहलीला चाललोय की कॅम्पला, असं विमलनं मला हळूच विचारलं. वाटेत कुणीही भेटलं की सिस्टर आमची ओळख करून देत, "ह्या माझ्या मैत्रिणी." आम्ही तेविशीच्या, त्या साठीच्या. आधी आम्हाला संकोच वाटायचा. कंधार येईपर्यंत तो गेला.

कंधार त्यांचं माहेर. माहेरी आता कुणी नव्हतं. त्यांचे वडील किल्ल्याच्या भिंतीवर उगवलेलं गवत आणि झुडपं कापायच्या कामाला होते. दोरीला लटकून बाहेरच्या अंगानं कापायचं. आत जायचं काम नव्हतं, आणि कामाशिवाय आत जायची पद्धत नव्हती. हे सगळं त्यांनी जीपमधून उतरता उतरता, रस्ता कुठून आहे ते सांगावं तशा सुरात सांगितलं. पुढं तीस वर्षं त्या पन्नास किलोमीटरवर नोकरीला होत्या, तरी कधी आल्या नाहीत. खंदकाच्या तळाशी थोडं हिरवं पाणी उरलं होतं. दरवाज्यातून त्या न थांबता आत गेल्या, एका कमानीखाली सावली पाहून बसल्या आणि पदरातल्या शेंगा फोडून खायला लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीतरी बोलतील असं वाटत होतं. बऱ्याच वेळानं बोलल्या ते एवढंच, की बाहेरून लई मोठा वाटायचा. मग उठून संडास शोधायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून निघालो. मुदखेड मागं पडलं, भोकर गेलं, आणि पुढं नुसती खडी पसरलेला रस्ता सुरू झाला. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. दुपारच्या सुमाराला एका गावाच्या फाट्यावर बैलगाडी उभी दिसली. गाडीत वाकळेवर एक म्हातारा पडला होता आणि त्याची सून रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात करत होती. कालपासून उलट्या-जुलाब चालू होते. घरातले पुरुष कारखान्यावर गेलेले, जवळचा सरकारी दवाखाना सुट्टीमुळं बंद. जीपमधून भोकरला पोहोचवा, असं तिचं म्हणणं होतं.

सिस्टर गाडीत चढल्या. म्हाताऱ्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. नाडी बघायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "ह्या रस्त्यानं नेला तर भोकरला पोचणार न्हाई. आधी पोटात पाणी, मग रस्ता."

त्यानंतरचा तास त्यांनी वॉर्डात असल्यासारखा चालवला. गफूरभाईला चिठ्ठी देऊन भोकरला पिटाळलं : सलाईनच्या बाटल्या, सुई, नळी, आणि कुणी डॉक्टर किंवा कंपाउंडर भेटेल तो. म्हाताऱ्याला परत घरी नेलं. घर मोठं होतं, दगडी, दारात दोन बैल बांधलेले. आमच्या डब्यातलं उकळलेलं पाणी काढलं. तांब्याभर पाण्यात मूठभर साखर, तीन बोटांची एक चिमूट मीठ. चाखून बघायचं, आसवापेक्षा खारट लागता कामा नये. विमल ढवळत होती. सिस्टर हात धुवायला अंगणात गेल्या आणि मी म्हाताऱ्याच्या उशाशी बसले.

म्हातारा शुद्धीवर होता. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "ही बाई कोणाची?"

नर्स हाय, मी म्हणाले.

"ते समजलं. कोणाची?"

सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली. मी चमचा पुढं नेला तर त्यानं तोंड मिटून घेतलं आणि मान भिंतीकडे वळवली. मला त्याच्या मानेची शीर दिसत होती. हा आता मरेल, एवढंच मला वाटलं.

मी म्हणाले, "माझी आत्या हाय. आम्ही मुरुडचे पाटील."

त्यानं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं तोंड उघडलं. मी वर पाहिलं तेव्हा सिस्टर उंबऱ्यात उभ्या होत्या, ओले हात पुढं धरून. त्यांनी ऐकलं होतं. त्या आत आल्या, माझ्या हातातून वाटी-चमचा घेतला आणि त्याला पाजायला बसल्या. एक चमचा, मग घड्याळाकडे बघून थांबायचं, मग दुसरा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दवाखान्यात माणसं त्यांना घाबरायची असं ऐकलं होतं, ते त्या दिवशी मला पटलं.

गफूरभाई तीन तासांनी आला. डॉक्टर मिळाला नव्हता, एक कंपाउंडर आणि चार बाटल्या मिळाल्या होत्या. कंपाउंडरला शीर सापडेना. सिस्टरांनी त्याच्या हातातून सुई घेतली आणि दुसऱ्या खेपेला लावली. बाटली पगडीच्या खुंटीला टांगली. अंधार पडायच्या आत म्हाताऱ्याची नाडी हाताला लागायला लागली, आणि आम्ही त्या गावातच राहिलो.

सकाळी सिस्टरांनी सुनेला एकच विचारलं, लघवी झाली का. झाली, ती म्हणाली. मग भाताची पेज करायला सांगितली. म्हातारा उठून बसला, दोन घोट पेज घेतली. सिस्टर त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"आता तुम्हाला बरं हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगते. मी हिची आत्या न्हाई. मी कंधारची. आम्ही बौद्ध. छप्पन सालाच्या आधी जे म्हणायचे ते तुम्हाला माहीत हाय. माझ्या हातचं पाणी तुमच्या पोटात गेलंय, ते मी फसवून पाजलं असं तुम्हाला पुढं कुठून कळायला नको."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला असं म्हणता येणार नाही, निवळला असंही नाही. त्यानं सुनेकडे हात करून पटका मागितला, तो डोक्याला गुंडाळला आणि आडवा होऊन भिंतीकडे तोंड केलं. विमलनं पेटी आवरायला घेतली.

आम्ही बाहेर आलो तर सून मागं आली. मीठ एक चिमूट म्हणालात की तीन, असं तिनं विचारलं. गल्लीत अजून पाच-सहा घरांत तेच चालू होतं. सिस्टरांनी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर घरोघर गेल्या. गावाला विहीर एकच. टँकर आला की पाणी विहिरीत सोडायचा आणि लोक त्यात उतरून घागरी भरायचे. ते बघून सिस्टर कंपाउंडरला जे बोलल्या, ते इथं लिहीत नाही. त्यांनी कागदावर दवाखान्याच्या डॉक्टरला निरोप लिहिला, कुठल्या घरात कोण, किती वाजता काय दिलं, विहिरीत काय टाकायचं, आणि खाली आपलं पूर्ण नाव, गाव आणि रिटायर झाल्याचं साल लिहून सही केली. कंपाउंडर तो कागद घडी घालून खिशात ठेवताना त्यांना सिस्टर न म्हणता मॅडम म्हणाला.

निघताना सून जीपपाशी आली. मामंजींनी पुन्हा पाणी मागितलं, म्हणाली. तिनं त्याच मापानं केलं होतं, त्यांनी तांब्या संपवला होता. आणखी काही म्हणाले का, असं विमलनं विचारलं. काही न्हाई म्हणाले, सून म्हणाली.

माहूर आता परतीच्या वेळेत बसत नव्हतं, तरी आम्ही गेलो. सोमवारी दोघींनी रजा टाकायचं ठरवलं. डोंगर चढताना पानं झडलेलं सागाचं जंगल लागलं, आणि गाडी थांबली तेव्हा पहिल्यांदा वारा आला. विमल रेणुकेच्या दर्शनाला गेली. सिस्टर देवळात जात नसत, त्या गडाकडे निघाल्या. मी त्यांच्याबरोबर गेले, कारण सकाळपासून त्या माझ्याशी कामापुरत्या बोलत होत्या आणि मला ते सोसत नव्हतं.

तटावर एका पडक्या बुरुजाशी आम्ही बसलो. खाली लांबवर कोरडी टेकाडं दिसत होती. मीच विषय काढला. तो तोंड उघडत नव्हता म्हणून मी तसं बोलले, तो मेला असता, असं मी सांगितलं. आणखीही बरंच काही बोलले.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "सून उभी होती की शेजारी. तिच्या हातात चमचा द्यायचा. माझ्या नोकरीत असं शंभर वेळा केलंय. पाणी आत जाण्याशी मतलब. खोट्याची गरज नव्हती."

मला ते सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं, ती दोन हातांवर उभी होती.

"मग कोणासाठी बोललीस? त्याच्यासाठी, का तुझ्यासाठी?"

वारा होता, त्यामुळं मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मी म्हणाले, "माझ्यासाठी." आणि मग घरी काय सांगितलं आहे, पत्ता कचेरीचा का दिला आहे, वडील कॅन्टीनमधूनच का परत जातात, हे सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. त्यांना हे माहीत होतं. टपाल घरी येत नाही, दीड वर्षात माहेरचं माणूस दारात आलं नाही, यातून कळायचं ते कळतं, त्या म्हणाल्या. त्यावर त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. उठल्या, लुगडं झटकलं आणि इतक्या उंचावर बाळंतीण आणायची तर कुठल्या वाटेनं आणत असतील, ते बघायला तटाच्या कडेकडेनं गेल्या. मी मागून गेले. वाट शेवटी सापडली नाही.

लातूरला आल्यावर तक्त्यावर गेलेल्या चार दिवसांपुढं त्यांनी बाहेरगावी असं लिहिलं.

त्याच आठवड्यात मी वडिलांना पत्र लिहिलं. घराचा पत्ता, सिस्टरांचं पूर्ण नाव, त्या कोण, हे सगळं. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेलं टाकलं. आठव्या दिवशी, भर दुपारी, वडील फाटकापाशी उभे राहिले. रविवार होता, मी घरीच होते. ते आत आले नाहीत. पेटी भर म्हणाले. उद्या स्थळं बघायची आहेत, लोक काय म्हणतील, आईनं दोन दिवस खाल्लं नाही, हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं, कारण सिस्टर ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. मी येत नाही म्हणाले. माझ्या तोंडून ते इतक्या सरळ निघेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनाही वाटलं नसावं. ते फाटकाचा गज धरून जरा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

मी ओट्याच्या पायरीवर बसून रडले. सिस्टरांनी डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

"उन्हात पायी गेले," त्या म्हणाल्या. "रिक्षा तरी करून द्यायची होतीस."

त्या घरात मी पुढं चार वर्षं राहिले. विमलचं लग्न झालं, ती परभणीला गेली. माझी बदली होईपर्यंत वडील आणखी दोनदा आले. पहिल्या खेपेला फाटकाच्या आत आले, उभ्या उभ्या बोलले आणि गेले. दुसऱ्या खेपेला ओट्याच्या कडेला टेकले. सिस्टरांनी पाणी विचारलं नाही, त्यांनी मागितलं नाही. वडील नुसते गुडघ्यावरून हात फिरवत होते. बऱ्याच वेळानं सिस्टरांनी विचारलं, कुठला दुखतो.

उजवा, वडील म्हणाले, आणि धोतर जरा वर सरकवून त्यांना दाखवला.